पुण्याहून आलेलं स्थळ

भर दिवसा खोलीचं दार लावून बसायचं आणि कुणी विचारलं तर "अभ्यास" म्हणायचं, ही नातीची नवी तऱ्हा नागम्माला बिलकुल पसंत नव्हती. शिवांजली अकरावीला गेली म्हणून काय झालं? नागम्माच्या घरात दार दोनच वेळा लागायचं. बाळंतिणीला शेक द्यायचा असला तर, नाहीतर समोरची शरणम्मा येताना दिसली तर. शरणम्माच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या एसटीनं उमरग्याला जायची आणि सकाळच्या एसटीनं दुप्पट होऊन परत यायची.

दर गुरुवारी पाच वाजता शिवांजली आईचा मोबाईल घेऊन आत जायची आणि पाऊण तासानं लाल डोळे घेऊन बाहेर यायची.

"श्रीदेवी, तुझी पोरगी आत काय करतीया?" नागम्मा सुनेला विचारायची.

"ऑनलाइन क्लास हाय, अव्वा." घरात सगळे नागम्माला अव्वाच म्हणत.

"कसला? रडायचा?"

श्रीदेवी लगेच भाकरी थापायला घ्यायची. रात्रीच्या भाकरी झालेल्या असल्या तरी घ्यायची.

मग एका बुधवारी श्रीदेवीचा मोबाईल धुण्याच्या बादलीत पडला आणि दुरुस्तीला उमरग्याला गेला. दोन गुरुवार दार उघडं राहिलं. नागम्मा खूश झाली. पोरगी मात्र जेवेना. कॉलेजच्या एसटीची वेळ झाली की तिचे हात गार पडायचे. नागम्मानं तिच्या कपाळावर कांदा चोळला, दृष्ट काढली, आणि वर दोन शिव्याही दिल्या. तिच्याजवळची औषधं तेवढीच होती.

सोमवारी दुपारी नागम्माचा बटनांचा मोबाईल वाजला.

"नमस्कार. मी पुण्याहून ज्ञानेश्वरी बोलतेय. शिवांजलीच्या घरचा नंबर ना हा? तिच्याबद्दल जरा बोलायचं होतं."

नागम्मा शेंगा फोडत होती. तिनं सूप बाजूला सारलं. पुण्याची बाई, आवाज गोड, पोरीचं नाव घेते आणि कामाचं काही बोलत नाही. साठी ओलांडलेल्या बाईला एवढ्यावरून कळतंच. स्थळाचा पहिला फोन असाच येतो. सोयरीक करायची आहे असं पहिल्या फोनात कुणी शहाणा माणूस म्हणत नाही.

"बोला की, बाई. म्या तिची आज्जी. घरातलं समदं माझ्याच हातात हाय."

"बरं झालं. हल्ली तिची झोप कशी आहे?"

सून झोपाळू निघू नये म्हणून विचारत असणार. "पाचला उठती. उठवावं लागत न्हाय."

"म्हणजे झोप कमीच. आणि जेवण?"

"वाढलं तेवढंच खाती. मागून घेत न्हाय."

"चिडचिड करते का? राग?"

"आमच्या घरात राग फकस्त मला येतो."

"रडते का हो ती?"

हा प्रश्न नागम्माला आगाऊ वाटला. पण एवढी बारीक चौकशी करणारं घर म्हणजे तालेवार घर. "जन्मल्यावर रडली हुती. त्याच्यामागं न्हाय."

मुलगा काय करतो हे विचारायला तिची जीभ वळवळत होती. पण मुलीकडच्यांनी पहिल्याच फोनात मुलाचं विचारलं की हावरेपणा दिसतो. आणि लग्न काही ती उद्या लावणार नव्हती. बारावी तरी होऊ दे, असंच तिच्या मनात होतं. पण हेही पहिल्या फोनात सांगायचं नसतं, स्थळ दुसरीकडं वळतं. तूर्त बोलणी तेवढी उरकून ठेवायची.

"हे बघा, पोरगी सतराला लागली. आमच्याकडून उशीर न्हाय. येत्या सोमवारी या आन कार्य उरकून टाका."

"कसलं कार्य?"

"लग्नाचं की. आता आडपडदा कशाला?"

पलीकडचा गोड आवाज एकदम कोरडा झाला. "आजी, शिवांजलीला विचारलंय का तुम्ही?"

"तिला काय विचारायचं? मला कुणी विचारलं हुतं?"

फोन बंद झाला. रेंज गेली असणार, असं म्हणून नागम्मानं सूप पुन्हा पुढं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि अंगणवाडीच्या ताई अशी तिघं एकदम अंगणात आली. नागम्माचा मुलगा महांतेश दुकानाचं बियाणं आणायला लातूरला गेलेला. तिनं पाहुण्यांना बाज टाकून दिली.

"आज्जी, सोमवारचं लग्न थांबवायला आलोय," ग्रामसेवक भाऊसाहेब फाईल उघडत म्हणाले.

"कुणाचं लग्न?"

"तुमच्या नातीचं. पुण्याहून तक्रार आलीय, नाव कळवलेलं न्हाय. तुमी स्वतः फोनवर सांगितलं म्हणं, सोमवारी कार्य उरकायचं म्हणून. पोरगी अठराच्या आत हाय. महांतेशअण्णांवर केस हुईल, तुमच्यावर बी हुईल."

"पुण्याची बाई स्थळ घेऊन येती आन तीच तक्रार करती? असलं कसलं घराणं?"

"ती बाई कोण, आन तुमच्या पोरीला कशी काय वळखती, हेच लिहायचंय. पोरीला भायेर बोलवा. तिचा जबाब घ्यावा लागंल."

एवढ्यात शरणम्मा रिकामी वाटी घेऊन साखर मागायला आली. साखर कुणी दिली नाही, तिनंही पुन्हा मागितली नाही. ती ओट्याच्या कडेला टेकली.

नागम्मा तरातरा आत गेली. स्वयंपाकघरात मायलेकी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. शिवांजलीचे ओठ पांढरे पडले होते.

"कोण हाय ती बाई? खरं सांगा."

श्रीदेवी कुजबुजली, "अव्वा, ती स्थळवाली न्हाय. समुपदेशक हाय. पोरांच्या मनाचं ऐकून घेती, फोनवर. दिवाळीपास्नं पोरीची छाती भरून येती. परीक्षा म्हणलं की श्वास घेता येईना. एसटीत दोनदा पडली. ह्या मॅडमशी बोलायला लागली तवापास्नं जरा माणसात आली. दोन गुरुवार बोलणं न्हाय झालं, म्हणून त्यांनी घरच्या नंबरवर केला आसंल. अर्ज भरताना म्याच तुमचा नंबर दिला हुता."

"पाच महिने झाले की. मला का न्हाय सांगितलं?"

श्रीदेवीनं खाली पाहिलं. "तुमच्या तोंडाला भिऊन."

नागम्माला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण बाहेर भाऊसाहेब पेनाचं टोपण उघडबंद करत होते आणि शरणम्मा कान देऊन बसली होती. नागम्मानं हिशेब केला. खरं सांगितलं तर आपण दोषातून मोकळ्या. पण उद्या एसटीत पोरगी चढली की बाया एकमेकींना कोपरानं ढोसणार, ती बघ, डोक्यावर परिणाम झालेली. मग ही एसटीत चढायचीच नाही. कॉलेज गेलं, आणि पोरगी घरात बसली.

शिवांजली तिच्या आधीच बाहेर निघाली. ती थेट बाजेसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, अव्वाचा काही दोष न्हाई. लग्न ठरलेलंच न्हाई. त्या मॅडम माझ्या..." ती थांबली. श्वास अडकला. अंगणवाडीच्या ताई पुढं सरकल्या. शरणम्मानं वाटी खाली ठेवली. "मी त्यांच्याशी दर गुरुवारी..."

"गप बस," नागम्मा मागून कडाडली. "मोठी माणसं बोलताना मधी तोंड घालू नगंस."

मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. "लिवा, भाऊसाहेब. म्या स्थळ बघत हुते. फोनवर पुण्याची कोण बाई लागली, तिला म्याच घाईनं बोलले. पोरीला कायबी ठावं न्हाय. चुकलं माझं."

नागम्माच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द गावानं कधी ऐकलेला नव्हता. पोलीस पाटलांनी नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शरणम्माला तर पटेचना. "काय म्हणाल्या?" तिनं ताईंना विचारलं.

"चुकलं म्हणाले," नागम्मा तिच्याकडं वळून म्हणाली. "अजून दोनदा सांगू का गं, का एका खेपंत गावभर पुरंल तुला?"

भाऊसाहेबांनी हमीपत्र लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. अठरा पूर्ण होईपर्यंत नातीचं लग्न लावणार नाही, बोलणीही करणार नाही. शेवटी त्यांनी शाईचा डबा पुढं केला.

"अंगठा कशाला?" नागम्मा म्हणाली. "दुसरी पास हाय म्या. पेन आणा."

ती सही करायला बसली. 'ना' झाला तेव्हा चहा आला. 'ग' झाला तेव्हा कप रिकामे झाले. 'म्मा'ला तिनं दोनदा चष्मा पुसला. तेवढ्या वेळात शिवांजलीचा श्वास हळूहळू जागेवर आला. साक्षीदार म्हणून सही करायला शरणम्मा स्वतःहून पुढं आली आणि कागद उलटसुलट करून दोन वेळा वाचून घेतला.

माणसं गेली. आता गावात चार दिवस एकच विषय असणार होता, नागम्मा म्हातारपणी पोरीचं लग्न लावताना सापडली. त्यात पोरीच्या डोक्याचा विषय कुठं नव्हता.

शिवांजली तिच्या पायाशी येऊन बसली. "अव्वा, माझ्यापायी तुमाला कमीपणा आला. मी बंद करते मॅडमशी बोलणं."

"बंद करशील तर बघ. फुकट लिहून दिलं व्हय म्या? मोबाईल दुरुस्त हुईस्तवर माझा घे. आन पयला फोन लावून त्या बाईला सांग, आज्जीनं पोराची चौकशी सुदीक केली न्हाय, एवढं चांगलं घर तिला परत गावायचं न्हाय."

पोरगी रडता रडता हसली. नागम्मानं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी निरखून पाहिलं.

"ऐक. भ्या वाटतं ते वाटू दे, बाई हाय त्याला. पण डोकं फिरलंय असं मनात आणू नगंस. माझ्या नाकाखालनं पाच महिने एवढी गोष्ट जिनं दडवली, तिचं डोकं शाबूत हाय. त्ये माझ्यावर गेलंय."