सुदामचं मागे राहिलेलं बदक

धरणावर लोक पाखरं पाहायला जातात. आमचा शेजारी सुदाम ती गेली की नाही, ते पाहायला जातो. पाणी रिकामं दिसलं की हा माणूस खूश.

आमचं गाव मंगरूळपीरच्या अलीकडे, धरणाला लागून. माझी आणि सुदामची भाजीची वाडी शेजारी शेजारी, मध्ये फक्त बांध. वाडीपलीकडे काळ्या खडकाचं एक टोक पाण्यात पार आतपर्यंत घुसलं आहे. त्याला गावात नाक म्हणतात. थंडीत त्या नाकाभोवती भगवी बदकं उतरतात. शहरातले लोक त्यांना चक्रवाक म्हणतात, आम्ही बदकंच म्हणतो. फाल्गुनात ऊन चटकायला लागलं की ती उत्तरेकडे निघून जातात. शेवटचं निघेपर्यंत सुदामचा जीव टांगलेला असतो. राहिली तर उन्हात मरतील, असं त्याचं म्हणणं.

एका वर्षी वाशीमहून काही मंडळी आली. गळ्यात मोठाले कॅमेरे. "काका, चक्रवाक आहेत का?" त्यांनी विचारलं.

सुदाम तोंडभर हसला. "गेले ना बाप्पा. कालच गेले. एकबी राह्यला नाई."

त्यांची तोंडं उतरली, तरी याचं हसू जाईना. वाडीतल्या काकड्या त्यांच्या हातात कोंबून वर म्हणाला, "तुमीबी ऊन व्हायच्या आत निघा. काही खरं नाई."

काही खरं नाई, हे त्याचं पालुपद. मोटार बंद केली तरी चार पावलं जाऊन परत येतो आणि बटण बघतो. बाजाराला जाताना एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारतो, "डोयावर झोप नाई ना?" माझी म्हैस व्यायला झाली तेव्हा हा माझ्या गोठ्यात उभा. म्हशीपेक्षा त्यालाच जास्त धाप लागली. मी म्हटलं, "सुदाम, बाजूले हो. नाई तर तिच्या आधी तुलेच मोकळं करा लागन."

त्याची बायको होती तोवर हे सगळं ती ऐकून घ्यायची. ती गेल्यापासून तो बांधावर उभा राहून मला सांगतो. मी निम्मं ऐकते.

या वर्षी सगळी बदकं गेली आणि नाकापाशी एक राहिलं. त्याचा पंख लोंबत होता. सुदामचं जेवण सुटलं. उजाडलं की नाकावर.

"पाणी उतरून राह्यलं, वहिनी. दोन्ही अंगानं गाळ उघडा पडला. आता कुत्रे चालत जातीन."

"वनखात्याच्या मानसाले सांग."

"सांगतलं. ते आले धराले, तर हे पाण्याच्या मधात जाऊन बसलं. ते म्हने, पंख भरून राह्यला, उडन आपोआप."

"मंग?"

"काही खरं नाई."

अशाच एका सकाळी तो त्या खडकावरून घसरला. पाय मुरगळला, उठता येईना, तिथेच पडून राहिला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मेंढ्या पाण्यावर आणणाऱ्या धनगराला तो दिसला. घरी आणला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला बघून पहिलं काय विचारलं, तर, "तिकडं कुत्रे गेले नाई ना?"

मी त्याला शिव्या दिल्या. मग त्याच्या मुलाला पुण्याला फोन केला. कोणी तरी करायलाच हवा होता.

मुलगा गजानन दुसऱ्याच दिवशी आला. पोरगा चांगला आहे, बापाला जपणारा. म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. वाडी कोनाले तरी लावून देऊ. तुमी माह्यासंग चाला."

"बदक गेलं की येतो," सुदाम म्हणाला.

"बदकासाठी थांबता?"

"त्याले असं अर्ध्यात टाकून कसा येऊ?"

गजाननने माझ्याकडे पाहिलं. "ठीक हाय," तो म्हणाला. "ते गेलं की मी गाडी घेऊन येतो. मंग काही आयकनार नाई."

पाडवा झाला. मी रोज बांधावरून विचारायची, बदक आहे का. तो रोज सांगायचा, "हाये. तसंच हाये." पण सांगताना वांग्यांकडे बघायचा. जेवायला लागला होता. सकाळची घाईही राहिली नव्हती. काळजी करणारा माणूस असा निवांत झाला की मलाच धास्ती वाटते. वाटलं, पडल्यापासून डोक्यात काही झालं की काय.

म्हणून एका सकाळी काठी घेऊन मीच नाकावर गेले. गाळ वाळून तडकला होता. टोकापर्यंत गेले. पाणी रिकामं. एक टिटवी ओरडत होती, बस. कुत्र्यांनी फाडलं असेल म्हणून पिसं शोधली. एक पीस नाही. म्हणजे उडूनच गेलं होतं.

मागून सुदाम लंगडत आला.

"कधी गेलं?" मी विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"मंग सांगतलं काहून नाई? दर साली तं गावभर बोंबलत फिरतो."

तो खडकावर बसला. "मागच्या दिवाईत गेलतो ना पुण्याले. तिथं गॅस आपोआप बंद होते, वहिनी. दार आपोआप लागते. खाली वाचमन हाये. गजाननले म्हटलं गाडी हयू चालव, तं तो म्हने, बाबा, तुमी कायचीच काळजी करू नका. सूनबी तेच म्हने. नातूबी तेच म्हने." मुरगळलेला पाय चोळत म्हणाला, "दिवसभर नुसता बसून राहो. कोनाची काळजी करू तिथं?"

इथे पुन्हा पडलास तर काय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. गजाननच होता.

"काकू, बाबा फोन उचलून नाई राह्यले. बरे हायेत ना? अन् त्या बदकाचं काय झालं?"

सुदाम माझ्याकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता.

"हाये," मी म्हटलं. "पंख भरला नाई अजून. तू फिकीर करू नको, मी रोज संग जात जाईन त्याच्या."

फोन ठेवला. मग सुदाम म्हणाला, "वहिनी, त्यानं फोटो मागतला तं?"

"सांगू, जवळ गेलं की बुजते."

"अन् पानी लागल्यावर? पावसायात कोनतं बदक थांबते इथं?"

मी काठी रोवली आणि त्याला उठवायला हात पुढे केला. खडक तापायला लागला होता.