कॉलर पाहून अहो-जाहो

माणूस ओळखावा तो मानेवरून. चेहऱ्यात फसगत होते. तुम्ही कुठल्याही कचेरीत जा. समोरच्याला 'अहो' म्हणायचं की 'अरे', हे त्याने तोंड उघडण्याआधीच तुमचं ठरलेलं असतं, आणि ते ठरवताना तुमची नजर त्याच्या गळ्यापाशी जाऊन आलेली असते. सगळे जी गोष्ट चोरून करतात ती राजरोस करण्याची सोय करून देणं, यालाच प्रशासन म्हणतात. आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्याने ही सोय केली, याचा मला अभिमान आहे. (मी वर्गीकरण समितीचा चिटणीस होतो. मी निवृत्त झालो, अभिमान अजून कामावर आहे.)

समितीची गरज एका दुर्घटनेतून निर्माण झाली. नव्याने रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने यंत्राखाली आडव्या पडलेल्या माणसाला "ए, जरा पाणी आण रे" असं फर्मावलं. माणूस सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि पाणी आणून दिलं. ते आमचे मुख्य अभियंता होते. त्यांना राग आला नाही, ही त्यातली खरी चिंतेची बाब. उद्या कोणीही कोणाला पाणी आणून देऊ लागलं तर तहान भागेल, पण शिस्तीचं काय?

मोठ्या साहेबांनी त्याच दुपारी समिती नेमली. समितीने आधी पाहणी केली. शंभरातल्या ब्याण्णव लोकांनी आपण पांढऱ्या कॉलरचे आहोत असं सांगितलं. उरलेले आठ रजेवर होते. तेव्हा हा विषय लोकांवर सोपवून चालणार नाही हे स्पष्ट झालं, आणि पुढील रंग निश्चित करण्यात आले.

पांढरा: ज्यांच्या सहीवाचून काम अडतं. निळा: ज्यांच्यावाचून काम होत नाही. (हे दोन वेगळे आहेत.) गुलाबी: टेलिफोनवर आणि दारात गोड बोलणारे. राखाडी: निवृत्तीला टेकलेले, हे कामावर असतात, काम त्यांच्यावर नसतं. सोनेरी: कंपनीचे सल्लागार. ते कधी येत नसत, म्हणून त्यांची कॉलर खुर्चीला अडकवून ठेवलेली असे आणि तिची हजेरी लागे. हिरवा: माळी. हा वर्ग एकट्याचाच असल्यामुळे त्याच्यात सुरुवातीला चांगली एकी होती.

रंगापाठोपाठ बोलण्याचे नियम आले. पांढऱ्याने निळ्याला 'अरे' म्हणावं, निळ्याने पांढऱ्याला 'अहो'. गुलाबीने सर्वांना 'अहो', पण हसून. हिरव्याने झाडांना काहीही. शेवटी एक पोटनियम मी स्वतः घातला: कॉलर नीट दिसत नसेल तर खबरदारी म्हणून 'अहो' म्हणावं.

जेवणाच्या खोल्याही रंगवार झाल्या. भाजी एकाच पातेल्यातली असे. फक्त पांढऱ्यांना वाढताना डावाचा आवाज होऊ द्यायचा नाही, असं ठरलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण काढली ती एका नवराबायकोने. जगातल्या बऱ्याच सुव्यवस्थांना नवराबायकोच नडतात.

नवरा आमच्याकडे पंप चालवायचा. (निळा, म्हणून 'चालवायचा'.) बायको आवक-जावक विभागात होत्या. (पांढऱ्या, म्हणून 'होत्या'.) बाई पहाटे घर सोडत, तेव्हा नवरा झोपलेला. नवऱ्याची कायमची दुपारपाळी. तो घरी परते तेव्हा बाई झोपलेल्या. त्यामुळे त्यांचा सगळा संसार दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कोपऱ्यातल्या एका बाकावर चाले. डबाही एकच. खालच्या पुडातला भात बाई घेऊन येत, वरच्या पुडातली भाजी तो करून आणी. लेकीची शाळा, गळकं छत, सासूबाईंचे गुडघे, कोणाच्या लग्नाला कोणी जायचं, रुसवा, समजूत, सगळं त्या डब्यावर उरकायचं. आता एका खोलीत नुसता भात आणि दुसरीत नुसती भाजी, अशी परिस्थिती उद्भवली.

दोघं समितीपुढे आली.

"साहेब, आम्हाला एकत्र जेवू द्या," बाई म्हणाल्या. "दिवसातनं तेवढीच काय ती भेट होते आमची."

"मग तुमच्यापैकी एकाने रंग बदला," साहेब म्हणाले.

"बदलते की! द्या निळी."

"निळ्यांनी पेन धरायचं नाही, असा नियम आहे. पत्रं कोण नोंदवणार?"

"मग ह्यांना पांढरी द्या."

"पांढऱ्यांनी पंपाला हात लावायचा नाही. पाणी कोण सोडणार?"

"रविवारी भेटत जाऊ मग," नवरा म्हणाला, "पाव्हण्यासारखे."

साहेब मनाने हळवे होते. त्यांनी तोडगा काढला. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक झरोका होता. त्यातून 'मिठापुरती देवघेव' करायला त्यांनी दोघांना परवानगी दिली. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या नावाखाली भाताचं पूड इकडून तिकडे आणि भाजीचं तिकडून इकडे जाऊ लागलं. मात्र कारखान्याच्या आवारात बोलणं नियमानेच व्हायला हवं होतं. घरी बाई नवऱ्याला 'अहो' म्हणत आणि तो त्यांना 'अगं'. आता झरोक्यातून ऐकू येई ते असं:

"अहो बाई, लेकीची फी भरलीत का?"

"भरली रे. छताचं तू बघणार होतास ना?"

"बघतो बाई. आई आज जरा बरी आहे, तुम्ही काळजी करू नका."

पहिल्यांदा 'अरे' म्हणताना बाई लाजल्या. पण थांबल्या नाहीत. समाजसुधारकांना जे पिढ्यानपिढ्या साधलं नाही ते आमच्या एका परिपत्रकाने साधलं, याची नोंद कोणी घेतली नाही म्हणून मी इथे घेतो.

तरी झरोका तो झरोकाच. त्यातून पूड जातं, माणूस जात नाही. एकदा नवरा भिंतीशी नुसताच उभा राहिलेला मी पाहिला. पलीकडे बाई डोळे पुसत होत्या, आणि झरोका होता वीतभर. त्याने हात आत घातला, तो कोपरापर्यंतच गेला. शिपायाने विचारलं, "काय रे, काय पाहिजे?" तो म्हणाला, "मीठ."

पुढे काटकसरीचं परिपत्रक निघालं. त्यानुसार सर्व वर्गांचे गणवेश एकाच हौदात, एकाच कढत पाण्यात धुवायचे होते. कारखान्याच्या धोबीकाकांनी विचारलं होतं, "वेगवेगळे धुवू का?" त्यांना उत्तर मिळालं, "पाणी वाचवा." काकांनी पाणी वाचवलं. सोमवारी सगळ्यांच्या कॉलरी उकळून फेकलेल्या चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या झाल्या होत्या.

त्या दिवशी कारखान्यात पोटनियमाचं राज्य आलं. सगळे सगळ्यांना 'अहो' म्हणत होते. पहारेकऱ्याने माळ्याला सलाम ठोकला. माळी घाबरून परत घरी गेला. मोठ्या साहेबांना कोणी तरी "अहो, जरा हे टोक धरता का?" असं म्हणालं आणि त्यांनी धरलं. उत्पादनात एका काट्याचीही घट झाली नाही. (हा आकडा गोपनीय ठेवण्यात आला.)

दुपारी लोक ताटं घेऊन खोल्यांच्या दारात घुटमळत राहिले. नवराबायको तेवढी कोपऱ्यातल्या जुन्या बाकावर जाऊन बसली आणि डबा उघडला.

"अरे, भाजीत मीठ विसरलास," बाई म्हणाल्या. सवय.

"अहो बाई, इतके दिवस मिठाचाच तर व्यवहार चालला होता आपला. संपलं."

सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी ती दोघं उठली नाहीत.

दुसऱ्याच दिवशी जुने रंग परत द्या असा अर्ज आला. तुम्हाला वाटेल, पांढऱ्यांनी केला असेल. पहिल्या सह्या निळ्यांच्या होत्या. "माळ्यालासुद्धा अहो म्हणावं लागतंय, म्हणजे काय?" असं त्यांचं म्हणणं. माळ्याचीही सही होती. त्याला पहारेकऱ्याला 'अहो' म्हणणं जड जात होतं. फक्त दोन सह्या नव्हत्या.

नव्या कोऱ्या, पक्क्या रंगाच्या कॉलरी आल्या. त्या दोघांनी घरी नेल्या, मोठ्या पातेल्यात चहाची पत्ती टाकली आणि दोन्ही कॉलरी रात्रभर एकत्र उकळत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच चोथ्याच्या रंगाने दोघं आपापल्या पाळीला हजर. त्यांचा वर्ग कुठल्याच तक्त्यात नसल्यामुळे त्यांना कुठलीच खोली देता येईना. तेव्हापासून पंपवाले आणि बाई दोन खोल्यांच्या मधल्या बोळात, एका डब्यातून जेवतात. ते अजून मीठ विसरतात. येणारेजाणारे त्यांच्याशी जपून, अहो-जाहोनेच बोलतात. काय सांगावं, कोण असतील.

पोटनियम मी आजही पाळतो. सुरुवातीपासून मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणत आलो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचा भलता अर्थ घेऊ नका. मला इथून तुमची कॉलर दिसत नाही.