आधीचा गवई, नंतरचा गवई

आबा जगदाळ्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की ते बसा म्हणायचे नाहीत. आधी विचारायचे, "आधीचा की नंतरचा?" उत्तर बरोबर आलं तर शेंगा आणि गूळ, चुकलं तर नुसतं पाणी. दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, देवळाची वर्गणी मागणारी मंडळी, कुणाचीही सुटका नव्हती. आम्ही सांगलीत नवं बिऱ्हाड केलं तेव्हा शेजारी म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, आमच्या जागी आधी राहणारा भाडेकरू बरा होता की मी, असं काहीतरी विचारतायत. मी आपला सावधपणे म्हणालो, "नंतरचाच बरा म्हणायचा."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तांब्या पुढे सरकवला. "पानी घ्या, पावनं. चेहऱ्यावरनं वाटला न्हाई तुमी तसले."

पुढची पाच-सहा वर्षं शेजारी असूनही मी त्यांचा 'पावनं'च राहिलो.

प्रश्न होता एका गोऱ्या गवयाचा. गिटार घेऊन स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली लावायच्या आणि स्वतःच गायची, असला तो माणूस. त्याचं नाव सांगत बसत नाही, कारण सांगलीत ते नाव घेणारी माझ्या माहितीत दोनच माणसं होती आणि दोघांचे उच्चार एकमेकांशी जुळत नव्हते. आबा त्याला सरळ 'आपला गडी' म्हणत. आपल्या गड्याच्या पहिल्या तीन तबकड्या म्हणजे आधीचा. त्यानंतरच्या सगळ्या म्हणजे नंतरचा. आधीचा देवमाणूस, नंतरचा वाया गेलेला, असा आबांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

आबा मूळचे पलूसचे. पलटणीत बिनतारी संदेशाच्या खात्यात होते. कुठल्याशा छावणीतून एक साहेब बदली होऊन जाताना आपल्या तबकड्या वाटून गेला, त्यातल्या तीन आबांच्या वाट्याला आल्या. पेन्शनीत निघून घरी आले आणि थोड्याच वर्षांत बायको वारली. मूलबाळ नव्हतं. ऊस धाकट्या भावाला करायला दिला आणि आमच्या भिंतीला भिंत लागून खोली घेतली. ती भिंत किती जाड, तर आबांनी काडी ओढली तरी आमच्या हिला कळायचं.

आता कुणीही म्हणेल, ज्याला नंतरचा आवडत नाही त्याने नंतरच्या तबकड्या आणूच नयेत. आबा खास माणूस गाठून मुंबईहून मागवायचे. सकाळी लावायचे आणि बाजूला उभे राहून शिव्या द्यायचे. मी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून ऐकायचो, दुसरा इलाज काय होता?

"आधी कसा गायचा? वझं घिऊन चढ चढल्यावानी. दमानं. आवाजात माती हुती माती. आता बघा, एस्टी चुकल्यावानी पळतंय नुसतं."

"झालं असेल काहीतरी, आबा."

"लगीन झालं आसंल."

"मग चांगलंच झालं की."

"श्रीमंताघरी झालं आसंल. न्हाईतर कवळी बसवली आसंल. फालतू झालं बेनं."

मी कुपवाडला एका वर्कशॉपात होतो. पंपाच्या जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून द्यायच्या, हा आमचा धंदा. तिथे सिदा गोफणे नावाचा सुपरवायझर आला. म्हसवडकडचा. आज्याने जन्मभर मेंढरं राखली, बापाने अर्धा जन्म राखली आणि हा पुण्यात वसतिगृहात राहून शिकला. माणूस सरळ, कामाला चोख, पण एका शब्दाला इकडचा तिकडे व्हायचा नाही. एका रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. पहिला घास घेतोय तोवर भिंतीपलीकडे तबकडी सुरू झाली. सिदाने कान टवकारले, घास ताटात ठेवला आणि उष्ट्या हाताने उठून गेला.

पलीकडून आबांचा प्रश्न ऐकू आला. मग सिदाचं उत्तर.

"नंतरचा. आधी नुसता बोंबलायचा. नंतर गायला लागला."

मी डोळे मिटले. आमच्या हिने आमटी परत चुलीवर चढवली.

तेव्हापासून रविवार आमचे राहिले नाहीत. सिदा सकाळी यायचा तो दिवे लागले की जायचा. दिवसभर त्या गवयाची चिरफाड. शब्द आधीचे चांगले की नंतरचे, गिटार आधी गोड होती की नंतर, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं त्याने मनापासून म्हटलंय की पैशासाठी. मधूनच भिंतीवर थाप पडायची, "पावनं, या हिकडं, निवाडा करा." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आबांच्या बाजूने बोललो की सोमवारी वर्कशॉपात सिदा तोंड पाडून बसायचा. सिदाच्या बाजूने बोललो की आबा आठवडाभर आमच्या दारावरून खाकरत जायचे. जीव नकोसा झाला होता.

"एकाच माणसाचे भक्त ना हे दोघं?" ही विचारायची. "मग भांडतात कशाला?"

"एकाच माणसाचे आहेत म्हणूनच."

या सगळ्यात एक गोम होती. ज्याच्या नावाने आबा एवढे छाती ठोकत, त्या आधीच्या तीन तबकड्या सांगलीत नव्हत्याच. त्या पलूसला रानातल्या घरी, तबकड्या वाजवायच्या जुन्या बाजापाशी. इकडे आणा म्हटलं की म्हणायचे, "तो शेरात ऐकायचा गडी न्हाई." शेवटी एका रविवारी सिदा चिडला.

"आवं आबा, मी ऐकलाय की पुण्यात आधीचा. तिन्ही तबकड्या ऐकल्यात. त्यो बी पातळच गातो. वझं न्हाई, माती न्हाई, काय न्हाई."

"तू ऐकलास त्यो आमचा न्हवंच."

"तबकडी तीच हाय, आबा."

"खोटं बोलतूस."

सिदा उठला, चपला घातल्या आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण झालं भलतंच, आबा माझ्याकडे येऊन बसायला लागले.

"सिदा आजारी हाय का वं?"

"नाही. तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात."

"मग? त्यात न येन्यासारकं काय हाय?"

रविवारी ते दार सताड उघडायचे, नंतरची तबकडी मोठ्यांदा लावायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. शिव्यासुद्धा देत नव्हते. जेवणाचा डबा यायचा तसा परत जायचा. इकडे वर्कशॉपात सिदाने एका गिऱ्हाइकाची मोटर अशी गुंडाळली की ती उलटी फिरायला लागली. "मी खोटं बोलत न्हाई, दादा," एवढं एकच तो मला दिवसातून दोनदा सांगायचा.

शेवटी मी वैतागून दोघांना समोरासमोर उभं केलं. म्हटलं, आता पलूसला जायचं, तबकडी लावायची आणि सोक्षमोक्ष करायचा. आबांचा गडी खरंच दमाने, जड आवाजात गात असेल तर सिदाने कान धरायचे. नसेल तर आबांनी. आणि जो हरेल त्याने आधीचा-नंतरचा हा विषय जन्मात पुन्हा तोंडातून काढायचा नाही. सिदा लगेच हो म्हणाला. आबांनी कनवटीची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "चला." त्यांचा चेहरा उतरला होता. मी तिकडे लक्ष दिलं नाही, मला शांतता हवी होती.

एस्टीत मी दोघांच्या मध्ये. एकमेकांशी बोलायचं नाही, पण माझ्यामार्फत सगळं चालू. "त्याला इचारा, खिडकी लावायची का." "त्यांना सांगा, असू द्या." मी दोन्हीकडे निरोप पोचवत होतो. पलूस येईपर्यंत माझं डोकं उठलं.

रानातलं घर दोन खोल्यांचं. थंडीचे दिवस, उन्हं कलायला आलेली. आबांचा भाऊ उसाला पाणी देत होता, विहिरीवर मोटर घुमत होती. आबांनी कुलूप काढलं, दिवा लावला, धोतराच्या सोग्याने बाजं पुसलं आणि तबकडी चढवली.

आणि काय सांगू, तो खरंच तसा गात होता. जड, सावकाश, प्रत्येक शब्द खाली ठेवून मग पुढचा उचलावा तसा. मला इंग्रजी कळत नाही, पण अंगावर काटा आला. सिदा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"असा न्हवता ऐकला मी," तो हळूच म्हणाला. त्याचा हात कानाकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात विहिरीवरची मोटर थांबली. डोक्यावरचा पिवळा दिवा एकदम लख्ख झाला आणि गाता गाता त्या गवयाचा आवाज वर चढला, पातळ झाला आणि पळायला लागला. सांगलीत रोज ऐकायचो तोच, थेट.

मोटरीवर पोट असलेल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. ते घर लाइनीच्या अगदी टोकाला. विहिरीची मोटर चालली की विजेचा जोर कमी पडायचा, दिवा मंद व्हायचा आणि तबकडी हळू फिरायची. हळू फिरली की गवई जड आवाजात, दमाने गायचा. आधीचा नाही आणि नंतरचा नाही, माणूस सगळीकडे सारखाच होता.

आबांचा भाऊ दारात डोकावला. "आबा, चार सऱ्या ऱ्हायल्यात, उद्या बघतो. धारा काढायच्यात." आणि गेला.

सिदाला हसू आवरेना. "आवं आबा, ही तर मोटर गाती की."

मी मात्र भडकलो. एवढ्या वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढे आले. "आबा, अहो तुम्ही बिनतारी खात्यातले. एवढं तुम्हाला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? पैल्याच दिशी कळलं."

"मग एवढी भांडणं कशापायी केलीत?"

आबांनी तबकडी थांबवली नाही. दाराकडे बघत बोलायला लागले.

"सुट्टीवर आलो की ती मला रानात हात लावू द्यायची न्हाई. म्हनायची, तुमी बसा, तुमचं ते बाजं वाजवा. दारं ती सोता धरायची." सरी भरली की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीला वळवायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. "मी हितं उंबऱ्यात बसून लावायचो, लांब तिला ऐकू जावं म्हनून. मोटर चालू तवर गडी दमानं गायाचा. आवाज पातळ झाला की समजायचं, तिनं मोटर बंद केली. आता ती येनार. मग मी च्याचं आधन ठेवायचो."

सिदाचं हसू गेलं होतं.

"ती गेल्यावर भाऊ पानी पाजतोयच की. मोटर बंद हुती, आवाज पातळ हुतो. अन् मी आपला दाराकडं बघत बसतोय. म्हनून गेलो सांगलीला. नंतरचा मला सोसत न्हाई, पावनं. त्या गड्याचा काय दोष न्हाई, पर सोसत न्हाई."

ठरल्याप्रमाणे आबा हरले होते. हा विषय आता जन्मात काढायचा नव्हता, आणि हा विषय सोडला तर त्या माणसाकडे दुसरं काहीच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि तो गेला याचाच मला राग आला.

सिदाने विजार वर दुमडली. "किती सऱ्या ऱ्हायल्यात म्हनले ते?"

"चार," आबा म्हणाले.

"अरे, तुला दारं धरता येतात का?" मी म्हणालो. "तुमच्या म्हसवडला वळवायला पाणी असतं कुठं?"

"मेंढरं वळवलीत की, दादा. पानी तर काय, हाकंल तिकडं जातंय."

तो गेला. जरा वेळाने मोटर सुरू झाली. दिवा मंदावला आणि गवयाचा आवाज खाली उतरला. आबांनी सुई उचलून पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली आणि उंबऱ्यात जाऊन बसले.

पाण्याने सिदाचं ऐकलं नाही. पहिल्याच सरीला त्याने बांध नको तिथे फोडला, पाणी भलत्याच सरीत शिरलं आणि तो खोरं घेऊन त्याच्यामागे पळायला लागला. "फोडलं बघा गाढवानं," आबा पुटपुटले. पण उठले नाहीत. तबकडी संपली, त्यांनी बाजू उलटली. ती संपली, दुसरी लावली. मग आत गेले, चूल पेटवली आणि पातेलं चढवलं.

बाहेर अंधारून यायला लागलं तेव्हा मोटर थांबली. दिवा लख्ख झाला. आवाज वर चढला, पातळ झाला. आबा चुलीपाशी होते. त्यांचा हात तिथेच थांबला आणि ते दाराकडे बघायला लागले. मीही बघायला लागलो.

उसातून वाळल्या पाचटावर पाय वाजत आले. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला सिदा दारात उभा राहिला.

"लय येळ लावलास रं," आबा म्हणाले.