ओंडका घेऊन फिरणारे सोपानतात्या

सोपानतात्या दुकानात लाकूड कापायचं मशीन घ्यायला जातात तेव्हा ते मशीनकडे बघत नाहीत. दुकानदाराला ते सुरू करायला सांगतात आणि मशीन गरजायला लागलं की पाठ फिरवून बाहेर पडतात. रस्ता ओलांडतात, समोरच्या रसवंतीच्याही पलीकडं जातात आणि तिथं एखाद्या भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून उभे राहतात. इकडं दुकानदार ते थरथरणारं धूड दोन्ही हातांत धरून, गिऱ्हाईक पळालं की काय म्हणून मान उंचावून बघतोय. पाच मिनिटांनी तात्या परत येतात आणि म्हणतात, "न्हाय जमत. दुसरं दाखवा."

बारामतीच्या पहिल्याच दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "पाहुण्यांचं डोकं ठीक आहे ना?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. चौथ्या दुकानात कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

तात्या निरवांगीतले माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या रानात एकच बांध. वडलांच्या काळापर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती. आता दीड एकर पेरू आणि दावणीला शेळ्या आहेत. पण तात्यांचा खरा जीव कुऱ्हाडीत. ओढ्याकाठची वेडी बाभूळ तोडायची, सरपण विकायचं, कुणाच्या बांधावर वाळलेलं झाड असलं तर पाडून द्यायचं. पासष्टी उलटली तरी हे चालू होतं. गेल्या वर्षी ओढ्यात पाय घसरून पडले आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी कुऱ्हाड कायमची बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला जा म्हणून सांगितलं. तात्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरच भडकले. "फिरायला? मी काय पेन्शनर हाय? बिनकामाचं फिरायचं, ही काय रीत झाली?"

'ही काय रीत झाली' हे तात्यांचं पालुपद. चहात आलं कमी असलं तरी तेच आणि आमदाराची गाडी न थांबता गेली तरी तेच.

तर कुऱ्हाड गेली, मशीन घ्यायचं ठरलं. तात्यांनी दोन बोकड विकले आणि जाहीर केलं की मशीन बसेल तर बोकडांच्या पैशात, वर एक रुपया घालायचा नाही. मोटरसायकल माझ्याकडं, त्यामुळं पाठोपाठ मीही ठरलो.

एका फेरीत काम होईल असं मला वाटलं होतं. मी मोबाईलवर चार व्हिडिओ बघून ठेवले होते. मध्यम आकाराचं मशीन, अठरा इंची पट्टी, साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक, हाताला हादरे कमी. एवढं बघायचं, पैसे द्यायचे, परत यायचं. तात्यांना एक व्हिडिओ दाखवला तर त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, गवतात ठेवला, चाळीस पावलं लांब गेले आणि तिथून ओरडले, "कायबी ऐकू येत न्हाय. ह्यावर कसं ठरवायचं?"

बरं, मशीनमधलं त्यांना कळत नाही असं म्हणायचीही सोय नाही. दुकानदार लोक स्टिकर वाचून दाखवतात. इतके सीसी, इतके वॅट, बावीस इंची पट्टी आणि वर तेलाची बाटली फुकट. तात्या स्टिकरवर तळहात ठेवून झाकून टाकत. "लेबल गप करा, मशीन बोलू द्या." आणि बोलतं करायला त्यांनी घरून बाभळीचा ओला ओंडका आणला होता. मांडीएवढा जाड, गोणपाटात गुंडाळलेला. दुकानदार सागाची फळी कापून दाखवतात याचा तात्यांना विलक्षण राग. "सागाची फळी तर माझी शेळी बी कापंल. आमच्याकडं बाभूळ हाय, ती कापून दावा."

हा ओंडका निरवांगी ते बारामती माझ्या पाठीला टेकून आला. प्रत्येक खड्ड्यात त्यानं माझा एकेक मणका मोजला. त्याबद्दल मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

पण ओंडक्यानं कामही केलं. बावीस इंची पट्टीचं, सगळ्यात मोठ्या स्टिकरचं आणि सगळ्यात स्वस्त मशीन त्या ओल्या बाभळीत चार बोटं शिरलं आणि घुसमटून बंद पडलं. दुकानदार म्हणाला, नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागतो. तात्या फूटपाथवर उभे राहून दहा लोकांना ऐकू जाईल असं बोलले. "आखूड माणसाला लांब धोतर नेसवलंय ह्यांनी. इंजिन केवढं, पट्टी केवढी. गरीब माणूस पट्टीची लांबी बघून भुलतो, म्हणून ही पट्टी. ही काय रीत झाली?" हा राग मला पटला. बोकड विकून आलेल्या माणसाला असं फसवणं म्हणजे हलकटपणाच आहे.

इंदापुरात एकानं बॅटरीवरचं मशीन काढलं. पोरगेला, टाय घातलेला विक्रेता होता. "याचं वैशिष्ट्य म्हणजे काका, आवाजच नाही."

तात्या त्याच्याकडं बघतच राहिले. "आवाज न्हाय?"

"शेजारच्या खोलीत कळणार नाही."

"मला काय चोरीचं लाकूड तोडायचंय?" तात्या म्हणाले. "माणूस राबतोय त्ये चार लोकांस्नी कळूच नये व्हय?" त्या विक्रेत्याची चूक काही नव्हती. तो अजूनही ही गोष्ट घरी सांगत असेल.

तिसऱ्या फेरीला मात्र माझं टाळकं फिरलं. बारामतीतच, गल्लीतल्या एका छोट्या दुकानात मनासारखं मशीन मिळालं. माप बरोबर, ब्रेक चांगला, हातात हलकं. बोकडांच्या पैशात बसत होतं. ओंडका लोण्यासारखा कापला. म्हाताऱ्या दुकानदारानं साखळीला धार लावायची कानस आपणहून पिशवीत टाकली. मी पैसे काढा म्हणालो. तात्या उठले, बाहेर गेले, रस्ता ओलांडला, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "न्हाय."

"का नाही?"

"ट्रॅक्टर गेला की ह्याचा आवाज बुडतो."

"तात्या, तुम्हाला लाकूड कापायचंय की बँडपथक काढायचंय?" मी भर दुकानात बोललो. "चांगलं मशीन आहे, पैशात बसतंय, म्हाताऱ्या माणसाला घाम फोडलात. तुम्हाला घ्यायचंच नाही. तुम्हाला नुसतं लोकांवर ओरडत फिरायचंय." तात्या खाली वाकून ओंडका गोणपाटात गुंडाळायला लागले. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण तात्या उलट बोलले नाहीत असं आजवर झालेलं नाही. पण मी रागात होतो. "एसटीनं या," म्हणालो, आणि त्यांना ओंडक्यासकट तिथंच सोडून गाडीला किक मारली.

पिंपळी गाव मागं पडलं तरी राग उतरला नव्हता. निरवांगीत आलो ते सरळ त्यांच्या घरी गेलो. हौसाकाकींच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, कानावर घालायचंच, म्हटलं.

काकी पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेल्याला तीन वर्षं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो. मी गाडी लावली तशी म्हणाल्या, "विलास, तुझ्या गाडीची साखळी ढिली झालीया. आन् ह्ये कुठं हायत? तू एकलाच आलास."

मी सगळं सांगितलं. दुकानं, भिंती, ओंडका, आवाज. काकी मेथीची देठं खुडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आवाज बघत्यात व्हय? मला बोलले न्हाईत."

"पण कशासाठी?"

"आरं, कुऱ्हाडीचा मला हितं ऐकू यायचा न्हवं का. सकाळच्यानं वड्याला गेले की ठक-ठक चालू. कुठं हायत, काय तोडत्यात, दमल्यात का, मला बसल्या जागी कळायचं. त्या दिशी ठक-ठक थांबली ती थांबलीच. पाणी प्यायला थांबत्यात तेवढा येळ गेला, तंबाखूचा येळ गेला. मग मी ताटली वाजवाय लागले."

त्या दिवशी ताटलीचा आवाज ऐकून ओढ्याकडं पळालेल्यांत मी होतो. पाण्यात अर्धवट पडलेल्या तात्यांना मीच खांद्यावर घेऊन वर आलो होतो. ताटली कुणी वाजवली आणि वाजवणाऱ्याला कसं कळलं, हे वर्षभरात एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बारामतीच्या दुकानात मी काय काय बोललो ते एकेक शब्दानिशी आठवलं आणि मला माझीच लाज वाटली.

"मी तर त्यास्नी म्हणलं हुतं, बिनआवाजाचं घ्या," काकी म्हणाल्या. "त्यांच्या कानाला तरास नगो म्हणून."

मी गाडी वळवली. तात्या मला फाट्यावर भेटले. धड असलेल्या डाव्या खांद्यावर ओंडका, तोंडानं कंडक्टरचा उद्धार. "लाकडाला तिकीट मागतो. लाकूड काय शिटावर बसलं हुतं?" मी ओंडका त्यांच्याकडून घेतला, गाडीवर माझ्या पाठीशी ठेवला. माफी मागायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हणालो, "तात्या, मशीन दुकानात ऐकून काय कळणार? घरी आणून वाजवू." ते माझ्याकडं बघत राहिले, मग मागं बसले.

शेळगावात एक मिस्त्री आहे. नवी मशीनं विकतो, जुनी दुरुस्त करून ठेवतो. त्याला विनवणी करून रविवारी दोन मशीनं आणायला लावली. एक नवं, एक कुणीतरी वापरलेलं, पण इंजिन दणकट आणि ब्रेक नवा टाकलेला. काकी पडवीत बसल्या. आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. शेजारी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालू होता, पाण्याच्या दोन मोटारी चालू होत्या, देवळावर भोंगा. म्हणजे आमच्या गावची रोजची शांतता. तात्यांनी दोन्ही मशीनं आळीपाळीनं बाभळीला लावली.

वर आलो तर काकींनी दोन बोटं वर धरली होती. "पयलं ट्रॅक्टरात मिसळलं. दुसरं येगळं हाय. नुसतं चालतंय तवा खोकतंय, लाकडात शिरलं की चिडतंय."

मिस्त्री ओशाळला. सायलेन्सर थोडा गेलाय म्हणाला, खोकणंही काढून देतो, पैसे नकोत. तात्या मशीनच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "हात लावू नगंस."

तेच दुसरं मशीन घरी आलं. बोकडांच्या पैशातून काही उरलंही, त्यातून मी त्यांना हेल्मेट आणि कानाला लावायची बोंडं घ्यायला लावली. त्यावरही 'ही काय रीत झाली' झालं.

तेव्हापासून आमच्या शिवारात ते खोकतं, चिडतं मशीन चालू असतं. फक्त एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. साखळीला सारखी धार लावावी लागते आणि तेव्हा मशीन बंद ठेवावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं. तेवढा वेळ तात्या बांधावर बसून कानस मारत आणि सगळ्या जगाला खड्या आवाजात शिव्या घालत. मला वाटायचं, स्वभाव. मशीन बंद झालं की माणूस सुरू होतो.

गेल्या महिन्यात तात्यांचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. एका दुपारी मशीन बंद झालं आणि ते लगबगीनं बांध ओलांडून माझ्याकडं आले.

"कानस मारायचीय," ते घोगऱ्या आवाजात कसेबसे म्हणाले. "तू बोल."

"काय बोलू?"

"कायबी. घरापातूर गेलं पायजे. तिला सांगून ठिवलंय, आज विलास बोलंल म्हणून."

मी ओढ्याकाठी उभा राहिलो, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडलो, "काकी, तात्या बरे आहेत."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आसं न्हवं. आशानं तिला काळजी वाटंल. रागानं बोल."

मग मी रागानं बोललो. सुरुवातीला जड गेलं. बावीस इंची पट्टीवाल्याला धरलं, डॉक्टरला धरलं, मोबाईलवाल्यांना धरलं. हळूहळू माझंच निघायला लागलं. खारीनं कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या, वेळी-अवेळी येणारी लाईट, पेरूला दर पाडणारे व्यापारी. माझ्यात एवढा साठा आहे हे मला माहीत नव्हतं. तात्या मान हलवत, शांतपणे साखळीचा एकेक दात घासत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा घराकडून काकींचा आवाज आला.

"आरं विलास, पेट्रोलपंपवाल्याला सोडलास व्हय? ह्ये त्येच्यापास्नं सुरुवात करत्यात."

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी कानस न थांबवता होकारार्थी मान हलवली, आणि मी पंपवाल्यापासून पुन्हा सुरुवात केली.