आबा टिपणिसांचा पाळीव समुद्र

आबा टिपणीस रोज सकाळी समुद्राची तपासणी करायचे. अतिशयोक्ती करत नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते मुरुडच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचे, काचेच्या उभट ग्लासात समुद्र भरून घ्यायचे आणि त्यात लॅक्टोमीटर सोडायचे. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात पाणी घातलंय की नाही ते सांगणारी काचेची नळी. दूध चोख असलं की ती वर तरंगते, पाणी घातलं असलं की खाली जाते. आबा डोळा बारीक करून आकडा वाचायचे, "हं, चोख आहे," म्हणायचे आणि समुद्राला सोडून द्यायचे.

खाडीच्या तोंडाशी मात्र नळी झरकन खाली जायची. तिथं गोडं पाणी मिसळतं हे मुरुडातलं शेंबडं पोरही जाणतं. पण आबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "मास्तर, बघा. उघड उघड पाणी घातलंय! नमुना घ्यायला हवा."

मास्तर म्हणजे मी. इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो आणि आबांच्या शेजारी राहतो. यातल्या दुसऱ्या गोष्टीचे कष्ट पहिलीपेक्षा जास्त आहेत.

आबांनी सगळी नोकरी मुंबईला दूध तपासण्यात घालवली होती. पेन्शन घेऊन गावी आले ते विधवा बहीण माई आणि तो लॅक्टोमीटर एवढं घेऊन. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. गवळ्याचं दूध तपासायचे हे समजू शकतो. पण सत्यनारायणाला बोलावलं तर तीर्थ हुंगायचे. लग्नात मठ्ठा पुढे आला की वाढप्याला विचारायचे, "कुणी केला? कुणासमोर केला?" हळूहळू लोकांनी बोलावणं सोडून दिलं. आबांना त्याचं काही वाटत असेल असं आम्हां कुणालाच वाटलं नाही.

तर असे हे आबा एकदा मुंबईला जाऊन कुठंसं काचेत ठेवलेले मासे बघून आले आणि त्यांनी घरात समुद्र पाळायचा ठरवला. दिवाळी नुकतीच झाली होती, पाणी निवळलं होतं. बाजारातल्या एका बंद पडलेल्या दुकानातली बिस्किटांची काचेची पेटी त्यांनी मिळवली. पेटी बिस्किटांसाठी केलेली, तिला पाणी धरायची सवय नाही. पहिल्या दिवशी अर्धा समुद्र ओटीवरून अंगणात गेला. मग कोळी होडीच्या फटी बुजवतात तशी आबांनी राळ आणि कापूस वापरून ती पेटी बुजवली. खाली वाळू पसरली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपातून छिन्नीने एक दगड फोडून आणला. त्या दगडावर हिरव्या बटणांसारखी बारीक प्रवाळं होती, आणि मधोमध एक तांबूस समुद्रफूल. सोबत शंखात राहणारा एक खेकडाही उचलून आणला.

समुद्रफूल हे फूल नव्हे, प्राणी आहे. तोंडाभोवती पाकळ्यांसारखे हात पसरून बसतो, घास आला की आवळून घेतो. आबांनी चिमट्याने कोलंबीचा तुकडा धरला की ते अलगद ओढून घ्यायचं. घरात कोलंबी आली की पहिला मान त्याचा, मग कढईचा. माईंना मासळी वर्ज्य, त्या लांबूनच पदर नाकाला लावून म्हणायच्या, "दादा, तुझ्या जावयाचं जेवण झालं का?"

आमच्या आळीत मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाय कोळणीने ते बघून कपाळाला हात लावला. "आबा, दर्या दारात हाय, मंग घरात कशाला आनलाव? आठ दिसांत वास सुटंल बघा."

"सुटणार नाही," आबा म्हणाले. "हे जगलं नाही तर नावाचा टिपणीस नाही."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात पोचलं. हिराबाय काही मुकी नव्हती.

आता साचलेलं पाणी मरतं, ते हलतं ठेवावं लागतं. वीज आमच्या आळीत आली नव्हती. आबांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी देवघराकडे बोट केलं. माईंच्या शंकराच्या पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली होती. बुडाला भोक असलेलं ते अभिषेकाचं भांडं, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं. "हीच!" आबा ओरडले. माईंनी सोवळ्याओवळ्याचा मोठा वाद घातला. "समुद्रही तीर्थच आहे," असं म्हणून आबांनी तो जिंकला. गळती पेटीवर टांगली गेली. दिवसभर टप, टप, टप. खाली साचलेलं पाणी आबा वाटीने काढून पुन्हा वर ओतत. मला तर वाटायचं, आता फक्त बेलपत्र वाहायचं राहिलंय.

गळती टांगल्यापासून चौथ्या दिवशी शंखातला खेकडा मेला. पाचव्या दिवशी प्रवाळांची बटणं मिटली. सहाव्या दिवशी समुद्रफुलाने सगळे हात आत ओढून घेतले आणि त्याचा चिंचेच्या गोळ्याएवढा गोळा झाला. कोलंबी तोंडाशी धरली तरी हलेना.

आबांनी लॅक्टोमीटर सोडला. आकडा किनाऱ्यावर येतो तोच, चोख. पुन्हा सोडला, पुन्हा तोच. "पाण्यात काडीची भेसळ नाही, मास्तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू येईना. माणूस नऊ वाजता जेवणारा, त्या दिवशी बारा वाजले तरी ताट झाकलेलं. पेटीसमोर स्टुलावर बसून होते. बाजारात लोक हसतील याची फिकीर मला त्यांच्या तोंडावर दिसली नाही. ते नुसते त्या गोळ्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचं आश्चर्यही वाटलं.

मी उठलो आणि इब्राहिम तांडेलांना घेऊन आलो. इब्राहिमभाई पलीकडच्या मोहल्ल्यातले. उभा जन्म गलबतांवर काढलेला, आता गुडघ्यांनी जमिनीवर बसवलेले. त्यांनी पेटीत पाहिलं, मग वर पाहिलं. गळतीच्या कडेला हिरवट पुटं चढली होती.

"आबासाब, हे भांडं तांब्याचं हाय?"

"शंभर टक्के. आजोबांच्या वेळचं."

"आणि दर्याचं पानी भरून आनता ते कशात?"

"कळशीत. तीही तांब्याची. घरात प्लास्टिकबिस्टिक चालत नाही मला."

इब्राहिमभाई स्टुलावर टेकले. "मोठ्या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकतात, तो का, ठाव हाय? दर्यातलं जितं काय बी लाकडाला चिकटू नये म्हनून. कालव न्हाय, किडा न्हाय. तांबं लागलं की मरतं सगळं. तुमी तर त्याला रोज तांबं पाजलंव."

गळती टपटपतच होती. आबा सावकाश उठले, गळती काढून घेतली आणि आत गेले. मला वाटलं, माणूस रडायला गेला. ते कागद आणि दौत घेऊन बाहेर आले.

"लिहा, मास्तर. पंचनामा. भेसळीचा पदार्थ, तांबं. भेसळ करणारा इसम, मी स्वतः. पंच, तुम्ही दोघं. सह्या करा."

आम्ही सह्या केल्या. नाही केल्या असत्या तर त्यांनी आम्हांलाही सोडलं नसतं.

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. माईंनी आपणहून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या रिकाम्या केल्या. ज्या बाईने वर्षभर त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता, त्याच बाईने! मी, आबा आणि इब्राहिमभाईंचा जावई, तिघांनी भरतीचं पाणी बरण्यांतून वाहून आणलं. जुनी वाळू टाकून नवी घातली. दगड स्वच्छ समुद्राच्या पाण्यात तीन वेळा विसळला. इब्राहिमभाईंनी मातीच्या मडक्याला बारीक भोक पाडून त्यात कापसाची वात ओवली आणि गळतीच्या जागी टांगली. दर दिवशी पाणी बदललं. समुद्रफूल पहिल्या दिवशी मिटलेलं, दुसऱ्या दिवशी मिटलेलंच. हिराबाय येता जाता डोकावून जायची, पण आता ती चेष्टा करत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. शेजारून अशी आरोळी आली की वस्तरा गालातच घुसायचा.

"मास्तर! उघडलं! उघडलं हो!"

अर्ध्या गालाला साबण घेऊन मी धावलो. समुद्रफूल पूर्ण फुललं होतं, आधीपेक्षाही मोठं, आणि पाण्याच्या हलक्या हेलकाव्याबरोबर हात डोलवत होतं. प्रवाळांची बटणंही एकेक करून उघडत होती. आबांनी कोलंबी पुढे केली. त्याने ती घेतली. आबा उभ्या जागी नाचले. त्या वयात, त्या धोतरात.

हिराबायने पाटी अंगणात टाकली आणि आळीभर बातमी केली. बघता बघता ओटी भरली. पोस्टमन आला, शिंपी आला, मोहल्ल्यातल्या बायका आल्या, आबांनी ज्याचं दूध दोनदा अंगणात ओतलं होतं तो गवळीसुद्धा आला. इब्राहिमभाईंना खुर्ची दिली गेली. आबा छडी घेऊन एकेक गोष्ट दाखवत होते. "हे तोंड. हे हात. तांबं अजिबात नको, लक्षात ठेवा!" गवळी म्हणाला, "मानलं तुमाला, आबा." मी खोटं कशाला बोलू, मलाही त्या क्षणी माझा शेजारी म्हणजे मोठा माणूस वाटला.

आबांनी आत वळून हाक मारली, "माई, सगळ्यांना चहा टाक!"

माई दारात आल्या, पण पुढे येईनात. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याकडच्या कपबशा आणता का? आमच्याकडे दोनच आहेत."

मी आणल्या. इब्राहिमभाईंच्या घरूनही आल्या. माणसं दुपारपर्यंत हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आबा अलिबागला गेले. जाताना कुणाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी परतले तेव्हा काथ्याने बांधलेलं एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं होतं. साळावची खाडी होडीने ओलांडताना हेलकावे बसतात, म्हणून ते सारा वेळ मांडीवर धरून बसले होते. मी हात लावायला गेलो तर देईनात. ओटीवर बसून त्यांनी स्वतःच गाठ सोडली, पेंढा बाजूला केला.

आत दोन डझन कपबशा होत्या.

"एवढ्या कशाला हो, आबा?" मी विचारलं.

एक बशी त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडाकडे धरून तडा नाही ना ते पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्याही येतील ना हो ते?"