सात नंबरची झूल

जावईबापू तबेल्यात आले ते हातात चिमटा आणि खिशात केस ठेवायचं कागदी पाकीट घेऊन. घोड्याची पाठ किती लांब, पुठ्ठा किती भरीव आणि धाव किती, हे सगळं त्याच्या रक्तातच ठरलेलं असतं आणि ते वाचायला आयाळीचे मुळासकट उपटलेले वीस केस पुरतात, असं त्यांनी सासऱ्यांना जेवता जेवता पटवलं होतं. सासरे तबेल्याचे मालक. ज्याला मुलगी दिली त्याचं पटवून घ्यावंच लागतं.

केस हवे होते राणीचे. ही तांबडी घोडी आई मेल्यावर मोतद्दाराने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. शर्यतीच्या सरावात तिच्या जवळपासही कुणी पोचत नसे. पण जावईबापूंच्या मते सरावात कुणीही पळतं.

शेजारीच मावशी बांधलेली असे. तीही तांबडीच, पण चौदा वर्षं चाऱ्याची गाडी ओढणारी. तिची झूल फाटली होती आणि तिला खोकला होता, म्हणून मोतद्दाराने राणीची सात नंबरची झूल तिच्या पाठीवर टाकली होती. जावईबापूंनी सात नंबर वाचला आणि चिमटा लावला.

"बापू, ही..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. हे शास्त्राचं काम आहे."

मोतद्दाराने मावशीची मान धरून ठेवली. मावशी चारा चघळत राहिली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जड बांधा, रुंद पुठ्ठा, वेग बेताचा. ओझं ओढायला उत्तम. राणी विकायचं ठरलं. झुलीचं सांगायला मोतद्दार दोनदा बंगल्यावर गेला. दोन्ही वेळा जावईबापूंनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. अडाणी माणसाच्या तोंडी लागू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

व्यापारी यायचा त्या सकाळी मोतद्दाराने तबेल्यातल्या सगळ्या झुली धुवायला काढल्या. नऊ जनावरं उघड्या पाठीने उभी राहिली.

मालक व्यापाऱ्याला घेऊन अंगणात आले आणि त्यांनी राणीला आणायला जावईबापूंनाच धाडलं. आत बापू या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले. मोतद्दाराला विचारणं शोभलं नसतं. मग त्यांनी रिपोर्ट उघडला, एकेका घोड्याशी ताडून पाहिला आणि नेमकं जनावर शोधून ऐटीत बाहेर आणलं.

"हा पुठ्ठा बघा," ते व्यापाऱ्याला म्हणाले, "आणि ही मान. ही कधी पळेल का? मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

मालकांनी आधी घोडीकडे पाहिलं, मग बराच वेळ जावयाकडे.

"ही मावशी आहे," ते म्हणाले.

जावईबापूंनी पुन्हा रिपोर्ट उघडला. दोरीवर सात नंबरची झूल वाळत होती. मोतद्दाराने ती सरळ केली आणि मालकांना अदबीने म्हणाला, "पण रिपोर्ट अगदी बरोबर आहे, मालक. केस हिचेच होते."