मेहुण्याचा कोट

मुकादमाची नोकरी त्या दिवशी एका रिकाम्या बाटलीवर येऊन ठेपली होती. पाम तेलाच्या गिरणीत थोडंफार तेल सांडपाण्याबरोबर वाहून जायचंच. पण या महिन्यात इतकं गेलं, की सांडपाण्याच्या टाकीवर तवंग नव्हे, साय धरली होती. घाईघाईत फळं अर्धकच्ची वाफवली जात होती, हे मुकादमाला ठाऊक होतं. शेठना अजून नव्हतं. त्यांनी एवढंच बजावलं होतं, "आज टाकीच्या नमुन्यात तेल सापडलं, तर तुमच्या खुर्चीत माझा मेहुणा."

आणि नमुना घ्यायला आला कोण, तर मेहुणाच. अंगात जाडजूड लोकरी कोट.

"साहेब, बाटली द्या इकडं. मी भरतो."

"म्हणजे तुम्ही तळातलं पाणी भराल. मी काय दूधखुळा आहे?"

"काठ निसरडा आहे, साहेब."

"तुमच्याच कृपेनं."

मुकादमानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण ऐकायला मेहुणा काठावर उरला नव्हता.

तिघांनी मिळून त्याला टाकीतून वर ओढला. कोट फुगून त्याच्या दुप्पट झाला होता. पण गडी जिद्दीचा. थुंकत, घसरत त्यानं तिथंच वाकून बाटली भरली आणि स्वतःच्या हातानं प्रयोगशाळेतल्या बाईंपुढे ठेवली.

बाईंनी तपासलं. परत तपासलं. "औषधालासुद्धा तेल नाही, शेठ."

"मग गेलं कुठं?" मेहुणा म्हणाला. त्याच्या दोन्ही बाह्या फरशीवर ठिबकत होत्या.

शेठनी कोट उतरवून घेतला आणि पिळला. एक बादली तेलानं भरली. दुसरी मागवली.

"खाण्याच्या लायकीचं नाही," बाई म्हणाल्या, "साबणाला चालेल."

"वा मेहुणे. तेल गोळा करायच्या यंत्राचे भाव विचारून मी दमलो, आणि यंत्र घरात बसून जेवत होतं."

मुकादमाची खुर्ची वाचली. मेहुण्यालाही काम लागलं: सकाळी कोट दोरीनं टाकीत सोडायचा, संध्याकाळी पिळायचा.

चांगलीच अद्दल घडलेल्या मुकादमानं त्या दिवसापासून फळं मन लावून वाफवली. लवकरच कोटातून नुसतं पाणी निघू लागलं. शेठनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मुकादम, मेहुणा रिकामा बसतोय. घरी बायको मला जेवू देत नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "थोडं तेल सोडत जा ना."